सांगणारा व ऐकणारा

आपणांस जे सत्य वाटते ते दुसऱ्यास सांगावे की आपल्यापाशीच ठेवावे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. एखादे औषध गुणकारी ठरले तर ते आपण शेजाऱ्यास आपण होऊन सांगतो. एखादी कादंबरी आवडली तर ती मित्राच्या गळ्यात मारतो. निवडणुकीच्या दिवसांत तर अनोळखी मनुष्याच्या दारी जाऊन त्याचे मत वळवू पाहण्यात कोणास काही गैर वाटत नाही. परंतु हाच मनुष्य धर्माविषयी बोलू लागला की सुशिक्षितांच्या बैठकीत एकाएकी अवघडलेपण पसरते. कोणी घड्याळाकडे पाहतो, कोणास चहाची आठवण होते, आणि अखेर कोणी तरी ‘ज्याचा धर्म त्याच्यापाशी’ हे ठेवणीतले वाक्य उच्चारून विषय मिटवून टाकतो. त्यातही बोलणारा ख्रिस्ती प्रचारक असला तर अवघडलेपणाच्या जोडीस संशय येतो. हा आपणांस काही सांगत नसून आपले काही हिरावून नेऊ पाहत आहे, असे ऐकणाऱ्यास वाटू लागते.

मी ख्रिस्ती नाही. माझा जन्म रावेरच्या एका वारकरी घरात झाला, आणि गेली तीसएक वर्षे मी महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलो आहे. मिल्टन, बनियन, जॉर्ज हर्बर्ट हे कवी व लेखक शिकवावयाचे म्हणजे त्यांची श्रद्धा समजावून सांगणे ओघानेच येते. अशा तासाला एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, ह्या लोकांची श्रद्धा असेल, ती असो, पण ती दुसऱ्यास सांगत सुटण्याची एवढी चिकाटी कशासाठी? ऐकणारा नको म्हणत असता हे थांबत का नाहीत?” त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, त्यास खरोखरच उत्तर हवे होते. तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत देता येईल असे ते उत्तर नव्हते. पुढे ह्या प्रश्नाचा विचार करीत असता माझ्या ध्यानात आले की, त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. आमच्या रावेरच्या स्टेशनावर उभे राहिले तरी पुरे.

रावेर हे भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस तापी, आणि मधल्या काळ्या जमिनीत नजर पोहोचेल तेथवर केळीच्या बागा. ह्याच मार्गाने आमच्या केळ्यांनी भरलेल्या वॅगनी उत्तर हिंदुस्थानात जात आल्या आहेत. रावेर सोडून गाडी पुढे निघाली की अर्ध्या तासाच्या आत बऱ्हाणपूर येते. फारूकी सुलतानांनी वसविलेले, मोगलांचे दख्खनचे ठाणे झालेले, १६३१ साली मुमताजमहलने जेथे प्राण सोडला ते हे बऱ्हाणपूर. १८८१ सालच्या सुमारास ह्या शहरात अर्नेस्ट वॉर्ड व फीबी वॉर्ड हे एक अमेरिकन दांपत्य येऊन राहिले. ते फ्री मेथॉडिस्ट नावाच्या पंथाचे असून, त्या पंथातर्फे हिंदुस्थानात आलेले ते पहिले मिशनरी होते. भाषा निराळी, हवा न मानवणारी, ओळखीचे कोणी नाही. आणि जे सांगावयास आलो ते कोणी मागितलेले नाही, हेही उघड. पुढे ह्या दांपत्याचे कार्य मध्यप्रांतात राजनांदगावकडे पसरले.

ह्या वॉर्डसाहेबांचे नाव मराठी वाचकांस बहुधा ठाऊक नसेल. परंतु त्यांच्या आयुष्यातील एक घटका मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगावास चालले होते. त्यांचे वय तेव्हा बत्तिशीच्या आसपास. संस्कृताचा व्यासंग दांडगा, कवि म्हणून थोडेबहुत नाव झालेले, आणि प्रचलित धर्माविषयी मनात मोठी अस्वस्थता. डब्यात एक गोरा गृहस्थ होता. त्या काळी गोऱ्या उतारूकडून देशी उतारूस जी वागणूक मिळे ती ध्यानात घेता टिळकांची अपेक्षा काही फारशी चांगली नसणार. परंतु ह्या गृहस्थाने त्यांस आदराने जागा करून दिली आणि संस्कृत काव्यावर त्यांच्याशी संभाषण सुरू केले. पुढे बोलणे धर्माकडे वळले. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती बायबलची एक प्रत ठेवली, ती वाचण्याचे वचन घेतले, आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. हा प्रवासी म्हणजे अर्नेस्ट वॉर्डच होत, असे टिळकांच्या चरित्रकारांनी पुढे नमूद केले आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

ही गोष्ट बहुधा भाकिताच्या चमत्कारासाठी सांगितली जाते. भाकिते पुष्कळ होतात आणि खरी न ठरलेली कोणी लिहून ठेवीत नाही, म्हणून त्या भागाचे मला तितकेसे महत्त्व वाटत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते मधल्या दोन वर्षांतील वर्तन. टिळकांनी ग्रंथ उघडला तेव्हा आरंभीच त्यांचे मन त्यात रमले, असे झाले नाही. पुष्कळसा भाग त्यांस जड गेला. परंतु वाचीन असे वचन दिले होते, म्हणून ते पेन्सिलीने खुणा करीत नेटाने वाचीत राहिले, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी पोहोचल्यावर मात्र त्यांस तो ग्रंथ खाली ठेववेना. गाडीतले संभाषण काही तासांचे होते. त्यानंतरची चिकाटी ऐकणाऱ्याने केली. आपण धर्मप्रसारकाच्या चिकाटीविषयी बोलतो तेव्हा ही दुसरी चिकाटी आपल्या हिशेबात येतच नाही. सांगणाऱ्याने एका कवीस कवि म्हणून ओळखले, बरोबरीने वागविले, जे सांगावयाचे ते आडपडदा न ठेवता सांगितले, आणि तो आपल्या वाटेने गेला. पुढचे काम त्याने त्या कवीच्या बुद्धीवर व शब्दावर सोपविले. आपल्या सांगण्यावर ज्याचा पक्का विश्वास असतो त्यासच असे सोडून जाता येते. ज्यास मनातून धाकधूक असते, तो मात्र ऐकणाऱ्याची पाठ सोडीत नाही.

असे फळ सर्वांस मिळते, असे मात्र कोणी समजू नये. वुइल्यम केरी १७९३ च्या नोव्हेंबरात बंगालात उतरला. कृष्ण पाल नावाच्या पहिल्या बंगाली मनुष्यास बाप्तिस्मा देण्याचा योग १८०० च्या डिसेंबरअखेर आला. म्हणजे सात वर्षे पूर्णपणे रिकाम्या हातांनी गेली. हाच केरी पुढे आपल्या भाषेचाही उपकारकर्ता झाला. त्याचे मराठी व्याकरण १८०५ साली व मराठी कोश १८१० साली छापून निघाला. मुंबईस अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत आले. हॉलने तेरा वर्षे रस्त्यांत, देवळांजवळ, बाजारांत व्याख्याने दिली, शाळा काढल्या, भाषांतरे केली. ह्या सर्व काळात ख्रिस्ती झालेल्या देशी माणसांची संख्या हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीही भरली नसेल. १८२६ साली नाशिककडे फिरतीवर असता पटकीने तो वारला. त्याच वर्षी मराठी नवा करार छापून पुरा झाला. हॉलचे आयुष्य सफल झाले की निष्फळ, हे माणसे मोजून ठरवावयाचे तर त्यास निष्फळच म्हणावे लागेल. परंतु एवढ्या वर्षांत तो आपल्या देशी परत गेला नाही, आणि ज्या लोकांनी ऐकले नाही त्यांची भाषा शिकणेही त्याने सोडले नाही.

आता ह्या चित्राची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ती लपवून ठेवणे न्यायाचे होणार नाही. १८९६–९७ आणि १८९९–१९०० ह्या दोन दुष्काळांत मिशनांनी हजारो अनाथ मुले उचलली, त्यांस खाऊ घातले, हुन्नर शिकविले. त्या मुलांचे प्राण वाचले ही गोष्ट निर्विवाद. आमच्यापैकी पुष्कळांनी तेव्हा जे केले नाही ते त्यांनी केले हेही निर्विवाद. परंतु भुकेलेल्याच्या हाती भाकरी ठेवून त्याच वेळी त्याच्या कानी मत सांगितले, तर त्याच्या होकारात उपकाराची जाणीव किती आणि पटल्याची खूण किती, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही. ‘भाकरीसाठी बाटले’ हा जो हिणकस शब्दप्रयोग आपल्याकडे रूढ झाला, त्यात त्या गरिबांचा अपमान आहे खरा. तथापि त्याच्या मुळाशी एक रास्त शंकाही आहे. ज्यास नाही म्हणण्याचे सामर्थ्य नाही, त्याच्या ‘हो’ला किंमत किती?

पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावरून पुण्यात जे वादळ उठले त्याचे मूळही ह्याच प्रश्नात होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस सुरू होऊन पुढल्या वर्षी पुण्यास आलेली ती संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, ह्या समजुतीवर न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर ह्यांच्यासारख्यांनी तिला पाठबळ दिले होते. काही विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस जाऊन बसू लागल्या तेव्हा हा विश्वास डळमळला, आणि १८९३ साली सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणावर जबरदस्ती केली नाही. मी माझ्या खोलीत माझी प्रार्थना करते आणि दार लावून घेत नाही, एवढेच. दोन्ही पक्षांकडे प्रामाणिक माणसे होती. आईबापांच्या भरवशावर ठेवलेल्या मुलींच्या बाबतीत उघडे दारही काही कमी बोलत नाही, हे रानड्यांच्या पक्षाचे म्हणणे मला पटते. आणि आपल्या श्रद्धेने जगणाऱ्या बाईने आपल्याच घरात चोरून प्रार्थना करावी, असेही मला म्हणवत नाही. ह्या पेचास एका वाक्याचे उत्तर नाही. मात्र त्यातून इतके निष्पन्न होते की, सांगणाऱ्याची निष्ठा कितीही शुद्ध असो, ऐकणारा दुबळा असेल तर ती निष्ठा अधिक जपून वापरावी लागते.

ऐकणारा दुबळा नसेल, उलट पुरता खंबीर असेल, तर काय होते? ह्याचे उदाहरण पुन्हा टिळकांच्याच घरात सापडते, आणि मराठी भाषेत तरी त्याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. ज्या टिळकांस गाडीतल्या एका परक्या मनुष्याच्या बोलण्याने वाट दाखविली, त्याच टिळकांस स्वतःच्या पत्नीचे मन वळविण्यास पाच वर्षे पुरली नाहीत. बाप्तिस्म्याची वार्ता आली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. लहान मूल पदरी. नवरा जिवंत असून परका झालेला. नातलग सांत्वन करणारे, पण त्या सांत्वनातही कीव मिसळलेली. त्या पतीपासून दूर, आपल्या माणसांत पंढरपुरास राहिल्या. टिळकांची पत्रे येत. पुढे पुष्कळ दिवसांनी त्या नगरास आल्या त्या आपले सोवळे, आपली चूल आणि आपले पाणी निराळे ठेवूनच. टिळकांनी ते निराळेपण मोडू पाहिले नाही. वादात भल्याभल्यांस निरुत्तर करणारा हा तापट आणि उतावळा मनुष्य घरात मात्र थांबला. आणि ज्यांनी ‘स्मृतिचित्रे’ वाचली आहेत त्यांस हे ठाऊक आहे की, थांबणे हा त्यांचा स्वभाव मुळीच नव्हता.

शेवटी लक्ष्मीबाईंचे मन वळले ते टिळकांच्या एखाद्या युक्तिवादाने वळले नाही. राहुरीकडे असता त्यांनी स्वतःशीच प्रश्न केला की, ह्या जाती देवाने निर्मिल्या की माणसांनी? त्यांच्या सरळ बुद्धीने त्यांस उत्तर दिले, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास हरकत नाही असे त्यांनी ठरविले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी पाच वर्षांत जे काही सांगितले असेल ते सर्व वाया गेले, असा ह्याचा अर्थ मी करीत नाही. परंतु पत्नीचे ‘नाही’ त्यांनी जसे वागविले, त्यामुळेच तिच्या पुढच्या ‘हो’स मोल आले. तिला चुलीपाशी, पाण्याच्या हंड्यापाशी हरविले असते, तर घर एक झाले असते आणि माणूस मोडला असता.

माझ्या लहानपणी रावेरच्या आठवड्याच्या बाजारी एक वयस्क गृहस्थ येत. ते रीतसर पाद्री नव्हते. तरी सारे गाव त्यांस पाद्रीबाबाच म्हणे. मिरच्यांच्या ढिगांपलीकडे, मातीच्या मडक्यांच्या रांगेच्या कडेला ते एक पत्र्याची पेटी उघडून बसत, आणि तीत शुभवर्तमानांच्या पातळ पुस्तिका मांडीत. एका पुस्तिकेस दहा पैसे पडत. पोरे चित्रांच्या आशेने भोवती जमत, मोठी माणसे वळून पाहत व पुढे जात. कोणी टिंगल केली तर ते हसत. पण टिंगलीस उत्तर म्हणून बोलणे सोडीत नसत. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. मुक्ताईच्या दर्शनास कोथळीस पायी जाण्याचा त्यांचा नेम कधी चुकला नाही. दरवर्षी ते पाद्रीबाबांकडून एक पुस्तिका विकत घेत, आणि बाजार उठल्यावर त्यांस आमच्या ओट्यावर बोलावीत. मग चहा होई आणि वाद होई. वडील म्हणत, “तुमचा येशू मला मान्य आहे हो बाबा, पण माझ्या विठोबाला उठवून मी त्याला त्या विटेवर बसविणार नाही.” पाद्रीबाबा म्हणत, “गुरुजी, बसवू नका. नुसते वाचा.” पुढल्या वर्षी पुन्हा तेच. आई आतून म्हणे, “ह्या दोघांचे काही मिटत नाही आणि चहाही संपत नाही.”

हा क्रम माझ्या आठवणीप्रमाणे बारा-तेरा वर्षे चालला. वडिलांनी अंथरूण धरले त्या वर्षी पाद्रीबाबा बाजाराच्या दिवशी पेटी न उघडताच घरी आले. ते बराच वेळ काही न बोलता उशाशी बसले. वडिलांच्या अंगात तेव्हा वाद घालण्याची शक्ती उरली नव्हती. एखाद्याने साधलीच असती तर ती वेळ होती. पाद्रीबाबांनी धर्माचे अवाक्षर काढले नाही. उठताना मात्र विचारले, “गुरुजी, तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?” वडील म्हणाले, “करा. पण तुमच्या घरी जाऊन करा. येथे हरिपाठ चालू आहे.” “घरीच करतो,” असे म्हणून ते गेले. वडील वारकरी म्हणून जगले आणि वारकरी म्हणूनच गेले. त्यांच्या ट्रंकेत त्या पुस्तिकांचा गठ्ठा सापडला. प्रत्येकीवर विकत घेतल्याचे साल घातलेले, आणि समासात बारीक अक्षरात आक्षेप लिहिलेले. म्हणजे वाचण्याचा शब्द त्यांनीही पाळला होता. टिळकांस त्या ग्रंथात जे सापडले ते माझ्या वडिलांस सापडले नाही; पण पाद्रीबाबांचे ओट्यावरचे येणे त्यामुळे कधी थांबले नाही. ह्या दोन माणसांत पराभूत कोण झाले हे मला अद्याप सांगता येत नाही.

आपल्या राज्यघटनेनेही ह्या प्रश्नाचा विचार करून ठेवला आहे. पंचविसाव्या अनुच्छेदात धर्म पाळण्याच्या व आचरण्याच्या हक्काबरोबर प्रसाराचा हक्कही आहे. ‘प्रसार’ हा शब्द तेथे असावा की नसावा, ह्यावर १९४८ च्या डिसेंबरात घटनासमितीत कसून चर्चा झाली. फाळणीच्या जखमा तेव्हा ताज्या होत्या. धर्माचा प्रसार म्हणजे कलहास निमंत्रण, असे म्हणणारे सभासद होते. तरीही तो शब्द राहिला, आणि तो राहावा असे म्हणणाऱ्यांत कन्हैयालाल मुन्शींसारखे स्वतः ख्रिस्ती नसलेले सभासद होते. पुढे मध्यप्रदेश व ओरिसा ह्या राज्यांच्या कायद्यांसंबंधी निकाल देताना १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, आपल्या धर्माची तत्त्वे विशद करून सांगण्याचा हक्क म्हणजे प्रसाराचा हक्क. दुसऱ्या मनुष्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. ह्या निकालावर कायदेपंडितांत मतभेद आहेत. एका सामान्य शिक्षकास मात्र त्यातील भेद उमगतो. मी कविता शिकवू शकतो. विद्यार्थ्यास ती आवडविण्याचा हक्क मला नाही. आवडणे हे त्याचे आहे. तथापि, ती त्यास आवडणार नाही ह्या भीतीने मी ती शिकवायचीच टाळली, तर तो माझा सभ्यपणा नव्हे. मला स्वतःलाच ती पुरेशी आवडत नाही, एवढेच त्याचे तात्पर्य.

सुशिक्षितांच्या सहिष्णुतेविषयी माझी तक्रार आहे ती हीच. ‘ज्याचा धर्म त्याच्यापाशी’ असे आपण म्हणतो तेव्हा कित्येकदा आपणांस असे म्हणावयाचे असते की, धर्म ही इतकी क्षुल्लक बाब आहे की तिच्याविषयी बोलण्यात वेळ कशाला दवडा. अशा उदासीनतेपेक्षा माझ्या वडिलांचा समासातला विरोध पाद्रीबाबांच्या श्रद्धेचा अधिक मान राखीत होता. विरोध करण्यासाठी आधी ऐकावे लागते. आणि पाद्रीबाबांची चिकाटीही माझ्या वडिलांचा मान राखीत होती. कारण ज्याच्या मताची आपणांस किंमत नाही, त्यास पटवावयास तेरा वर्षे कोण येतो?

टिळकांच्या उत्तरायुष्यात त्यांच्या सांगण्याची रीतच पालटली. आरंभीचा वादाचा आवेश ओसरला. आपला ख्रिस्त आपल्या लोकांस परक्या पोशाखात दिसतो, ही टोचणी त्यांस लागली, आणि ते अभंगाकडे, भजनाकडे व कीर्तनाकडे वळले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, ही त्यांची भावना सुप्रसिद्ध आहे. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’चे मराठी अंग त्यांनी सांभाळले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीने राहू लागले, आणि सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणेच न घेतलेल्यांसही जागा होती. ज्याने स्वतः घरदार, जात आणि नातेगोते पणास लावून बाप्तिस्मा घेतला, त्याने बावीस वर्षांनी दार इतके रुंद करावे, हे त्याच्या निष्ठेचे शैथिल्य होते काय? मला तसे वाटत नाही. आयुष्यभर सांगितल्यानंतर, सांगणाऱ्याचा अधिकार कोठे संपतो हे त्यांस कळले होते, असे मी समजतो.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र जेमतेम दहा-अकरा अध्यायांपर्यंत येऊन थांबले होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. शाळेचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. अक्षरओळख झाली ती नवऱ्याच्या हाताखाली, तीही रडतखडत. अशा बाईने त्या ग्रंथात चौसष्ट अध्यायांची भर घातली. १९३६ साली त्या निवर्तल्या, तोवर मराठी भाषेतील एक श्रेष्ठ आत्मचरित्रही त्यांच्या नावावर जमा झाले होते. ज्या बाईने पाच वर्षे नवऱ्याचे ऐकले नाही, तिनेच त्याचे अपुरे राहिलेले सांगणे पुरे केले. तिच्या नकाराच्या काळात तिचा आवाज कोणी दडपला असता, तर ह्या चौसष्ट अध्यायांस आवाज कोठून मिळता?

माझ्या त्या विद्यार्थ्यास आता मला उत्तर देता येईल असे वाटते. हे लोक का थांबत नाहीत, असे त्याने विचारले होते. ज्यास काही मोलाचे सापडले आहे तो ते सांगितल्यावाचून राहू शकत नाही, आणि त्याने राहूही नये. आपण पाहावयाचे ते इतकेच की, ‘नाही’ हा शब्द ऐकल्यावर तो काय करतो. तो दरडावू लागला, लालूच दाखवू लागला, मनुष्य आजारी व असहाय होण्याची वाट पाहू लागला, तर त्याची चिकाटी एखाद्या सावकाराची आहे. आणि ‘नाही’ ऐकूनही तो पुढल्या वर्षी त्याच प्रेमाने ओट्यावर येऊन बसला, चहा प्याला, पुन्हा एकदा आपले म्हणणे बोलला आणि दिवेलागणीच्या आत आपल्या गाडीस निघून गेला, तर त्याचे म्हणणे आपणांस पटो वा न पटो, अशा मनुष्यास बसावयास जागा करून देणे हे आपले काम आहे.